जांगडाचा हिरा आणि गेमचा कोड

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे सुरतेला, उधन्याला गेलो होतो. भाचा तोंड पाडून बसलेला. खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "मामा, आईला नका सांगू." व्हिडिओ गेमच्या कोडची त्याने इंटरनेटवर एका अनोळखी मुलाशी अदलाबदल ठरवली होती. याने आपला कोड आधी धाडला आणि समोरचा गायब झाला!

याच सुरतेत महिधरपुऱ्याच्या बाजारात कागदाच्या पुडीतले हिरे जांगडावर, म्हणजे पसंतीपुरते दिले जातात. पण तिथे माणूस ओळखीचा असतो आणि नापसंत हिरा परत येतो. कोडचे तसे नाही. समोरच्याने वाचला आणि वापरला की संपला. तो पुन्हा चालत नाही.

म्हणून आपला कोड आधी देऊ नये. मध्यस्थ घ्यावा, पण समोरच्याने सुचवलेला नको. पैसे घेताना यूपीआयचा पिन लागत नाही. कुणी मागितला तर ती फसवणूकच समजावी. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० वर फोन करावा.

भाच्यावर मी रागावलो नाही. रागावलो असतो, तर पुढच्या वेळी त्याने मलाही सांगितले नसते.