सावळी त्वचा आणि रेटिनॉल

चेहऱ्यावरची पुटकुळी बरी होते, पण तिचा काळा डाग महिनोन्‌महिने का राहतो? सावळ्या त्वचेत दाह झाला, की तेथील रंगपेशी जास्त मेलॅनिन तयार करतात. तोच हा डाग!

रेटिनॉल हे अ-जीवनसत्त्वाचे एक रूप. त्वचेत त्याचे रेटिनॉइक आम्ल बनते, नव्या पेशी लवकर वर येतात आणि डाग फिकट होत जातो. पण सुरुवातीला त्वचा कोरडी पडून सोलवटते. ऑक्टोबरचा उकाडा सरून कोरडी थंडी पडली, की हा त्रास वाढतो. तेव्हा घाईने रोज मलम चोपडले, तर दाहातून नवाच डाग उमटेल.

म्हणून डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा: आठवड्यातून २ रात्री, वाटाण्याएवढे. जळजळ झाली तर थांबा. आणि उन्हाने डाग गडद होतात, तेव्हा दिवसा सनस्क्रीन बाराही महिने हवे.