आत्याची बाग आणि कलम चार

लोणावळ्यात शेवाळ हा सौंदर्याचा विषय नाही, संसाराचा विषय आहे. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. याच जिल्ह्यातल्या पुणे शहरात तो सातशेच्या आसपास. त्यामुळे पुण्याची माणसे ज्याला पावसाळा म्हणतात त्याला आम्ही मनातल्या मनात हसतो. सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. मिठाला पाझर फुटतो, काडेपेटी ओली होते, चपलांना, पुस्तकांना आणि बँकेच्या पासबुकांना सारखीच बुरशी चढते. आणि जे जे दगडाचे आहे ते हिरवे होते. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना ती हिरवाई फार आवडते. साठी ओलांडलेला लोणावळेकर मात्र त्याच हिरव्या रंगाकडे पाहत एकेक पाऊल मोजून टाकतो.

आमच्या घरात एक्क्याण्णव वर्षांची आत्या आहे. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिशीतच वैधव्य आले, मूलबाळ नाही. आजोबा रेल्वेत होते. त्यांनी हे कौलारू घर बांधले आणि मृत्युपत्रात ते या मुलीच्या नावे केले. त्या काळी भावांना वगळून विधवा बहिणीला घर देणे हे धाडसच होते. बँकेतली नोकरी संपल्यावर मी आणि पत्नी इथे राहायला आलो. ‘आत्याला सांभाळायला गेले’ असे नातेवाईक म्हणतात. आत्याच्या मते तिने आम्हांला ठेवून घेतले आहे. प्रॉपर्टी कार्ड पाहिले तर तिचेच बरोबर आहे.

घरात आणखी दोन जीव आहेत. मनी नावाची मांजर आणि काळू नावाचा कुत्रा. काळूला कुणीतरी मे महिन्याची सुटी संपल्यावर मागे सोडून गेले होते. आत्याने त्याला आठ दिवस हाकलले, नवव्या दिवशी भाकरी घातली. आणि घराभोवती दहा गुंठ्यांची बाग. बाग म्हणजे हिरवळ आणि कुंड्या नव्हेत. प्राजक्त, जास्वंद, अबोली, अळूची खाचरे, हळद, कुंपणावर गोकर्ण, विहिरीच्या बाजूला ओळीने सोनटक्का. पेरू आहेत, पण ते माकडांचे आहेत. आपण फक्त झाडाला पाणी घालायचे.

आत्याचा दिवस घड्याळावर चालत नाही, रेल्वेवर चालतो. स्टेशनच्या आसपास राहणाऱ्या जुन्या घरांना ही सवयच आहे. डेक्कन क्वीन १९३० सालापासून धावते, म्हणजे आत्यापेक्षा जुनी. सकाळी आठनंतर ती मुंबईकडे गेली की मनीचे दूध आणि काळूची भाकरी. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ती परत आली की काळू घरात आणि दाराला कडी. मावळात बिबटे आहेत आणि त्यांना कुत्री आवडतात, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बोरघाट चढून आलेल्या गाड्यांना कर्जतहून मागे लावलेली जादा इंजिने लोणावळ्यात सुटतात. त्यांचाही आवाज तिला वेगळा कळतो. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या तेव्हा आम्हांला टाळेबंदी वर्तमानपत्रातून समजली, आत्याला ती कानाने समजली. ‘आज क्वीन गेली नाही,’ असे ती कित्येक दिवस रोज सकाळी म्हणे आणि मनीला दूध कधी द्यावे याचा घोळ होई.

दोन वर्षांपूर्वी आषाढात ती विहिरीकडच्या पायरीवर पडली. काळू पायात आला की शेवाळावरून पाय सरकला, हे नक्की झाले नाही. ती काळूचे नाव घेऊ देत नाही. डावे मनगट मोडले. डॉक्टर म्हणाले, या वेळी मनगटावर निभावले, पुढच्या वेळी खुबा जाईल. नव्वदीत खुबा मोडणे म्हणजे काय, हे आम्ही शेजारच्या दोन घरांत पाहिले होते.

मग कुटुंबाची बैठक बसली. हल्ली अशी बैठक फोनच्या पडद्यावर बसते. पुण्याहून आमचा मुलगा, अमेरिकेतून चुलतभाऊ, मुंबईहून बहीण. सगळ्यांचा जीव आत्यावर आहे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत वाचक खलनायक शोधू लागतो. तो इथे नाही. मुलगा म्हणाला, ‘बाणेरच्या फ्लॅटवर आणा. नवव्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे, खाली फरशी कोरडी आहे, दहा मिनिटांवर हॉस्पिटल आहे.’ चुलतभावाने तळेगावच्या बाजूच्या वृद्धनिवासांची माहिती काढून ठेवली होती. बहिणीने हळूच जागेच्या भावाचा विषय काढला. मावळात द्रुतगती महामार्ग झाल्यापासून दहा गुंठ्यांचे काय होते, हे मी कर्जाच्या फायली तपासताना पुरेसे पाहिले आहे. आत्या सगळे ऐकून घेत होती. शेवटी पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली, ‘अरे, नवव्या मजल्यावर काळू मुतायला कुठे जाईल?’

सगळे हसले. ती हसली नव्हती.

माणूस बँकेत चौतीस वर्षे घालवतो तेव्हा अडचण आली की आधी परिपत्रक शोधतो. मी कायदा काढून वाचला. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणासाठी संसदेने २००७ साली केलेला कायदा. तो फक्त मुलांवर जबाबदारी टाकतो असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती पुढे वारसाने मिळणार आहे, त्या नातेवाइकावरही ती जबाबदारी येते.  म्हणजे आमच्यावर. सांभाळ न केल्यास न्यायाधिकरण दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवू शकते. आणि निर्वाह म्हणजे काय, तर अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार.

या चारही गोष्टी बाणेरला आमच्या घरापेक्षा चांगल्या मिळाल्या असत्या. मुलाचे म्हणणे त्या अर्थाने अगदी कायदेशीर होते. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात या जबाबदारीचे प्रयोजन सांगितले आहे. त्या माणसाला नेहमीसारखे जीवन जगता यावे, एवढ्यासाठी ही जबाबदारी. कलम लिहिणाऱ्याच्या मनात काय होते मला ठाऊक नाही. बहुधा पोटापाण्यापलीकडे फार नसावे. पण मी वकील नाही आणि कादंबऱ्या लिहितो, म्हणून मी ते आत्याच्या बाजूने वाचले. तिचे नेहमीचे जीवन म्हणजे क्वीन गेल्यावर दूध, अळूची पाने खुडणे, माकडांना शिव्या आणि संध्याकाळी काळूला हाक. यातले काहीही अन्न-वस्त्र-निवारा-औषध या चार रकान्यांत बसत नाही. आणि ते काढून घेतले तर उरते ते फक्त जिवंत राहणे. त्याचा दाखला तर ती दर नोव्हेंबरला देतेच.

त्या हयातीच्या दाखल्याचीही एक गंमत आहे. तिला रेल्वेचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावर यंत्रातून देता येतो. आत्याचे ठसे यंत्राला सापडत नाहीत. म्हातारपणी ते पुसट होतातच, त्यात हिची बोटे सत्तर वर्षे मातीत. यंत्र सांगे, ही बाई ही नव्हे. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली तेव्हा कुठे सुटलो. नव्वदी गाठल्यावर मूळ रकमेवर चाळीस टक्के वाढ मिळते, हे मी तिला सांगितले तेव्हा तिने शंभराव्या वर्षी किती मिळते ते विचारले. शंभर टक्के. ‘मग बघू,’ म्हणाली.

प्लास्टरचे सहा आठवडे वाईट गेले. डॉक्टरांनी बाहेर पडायला मनाई केली होती आणि ती योग्यच होती. आत्या खिडकीशी बसे. तिसऱ्या आठवड्यात ती वार विचारू लागली, तोच तोच. जेवण कमी झाले. इंद्रायणीचा गुरगुट्या भातही सारून ठेवू लागली. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला हा तांदूळ मऊ आणि चिकट होतो, दात नसलेल्यांना सोयीचा. प्लास्टर निघाल्यावर सोनटक्का फुलला होता. बागेने तिला बरे केले असे मी म्हणणार नाही. फिजिओथेरपीचेही श्रेय आहे, त्याचे पैसे मी मोजले आहेत. पण वार विचारणे थांबले ते बाहेर जाऊ लागल्यावर, एवढे मी पाहिले.

आम्ही राहायचे ठरवले, तेव्हा मुलाने एक रास्त प्रश्न विचारला. पुन्हा पडली तर? त्यावर आमच्याकडे मोठे उत्तर नव्हते, बारीकसारीक होती. प्लंबरला बोलावून स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीपर्यंत कमरेइतका लोखंडी पाइपाचा कठडा केला. पायऱ्यांवर गोणपाट तारेने आवळून बांधले. दर चार दिवसांनी मी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडतो आणि ब्लीचिंग पावडर टाकतो. हळद आणि अबोली विटांच्या दोन फूट उंच वाफ्यात आणली, म्हणजे तिला स्टुलावर बसून माती हाताळता येते. काळूच्या गळ्यात घुंगरू बांधले, तो मागून आला की कळावे म्हणून. आत्याच्या गळ्यात शिट्टी दिली. ती तिने आजवर आम्हांला बोलावायला एकदाही वाजवली नाही, माकडांवर रोज वाजवते. मुलाने स्वतः येऊन कठड्याला गंजरोधक रंग लावला. त्याचे मत बदललेले नाही. पण रंग नीट लावला.

या सगळ्यात मोजला न जाणारा खर्च माझ्या पत्नीचा आहे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आता ते सत्तरीत आहे. त्यामुळे नव्वदीच्या माणसाला साठीच्या माणसाने उचलायचे, ही आपल्या घरांत नवी गोष्ट आहे. पूर्वीच्या कादंबऱ्यांत म्हाताऱ्यांची सेवा तरुण सुना करत. इथे सूनच बासष्ट वर्षांची, तिचे गुडघे दुखतात आणि तिचे कुणी करायचे हा प्रश्न ती हसत विचारते, तेव्हा मी विषय बदलतो. पावसाळ्यात पुण्याहून मदतनीस बाई यायला तयार होत नाहीत. शनिवार-रविवारी रस्ते असे तुंबतात की डॉक्टरांकडे पोचणे कठीण. आजारी पडायचे तर सोमवार ते गुरुवार, असा आमच्या घरचा नियम आहे. कुरवंड्याहून कामाला येणाऱ्या बाई आहेत म्हणून चालले आहे. त्या येताना करटुली आणतात आणि आत्याशी भांडतात. घरात आत्याशी बरोबरीने भांडणारे माणूस असणे हेही औषधच आहे.

‘तुम्ही जा गं कुठेतरी,’ असे आत्या हल्ली पत्नीला म्हणते. ‘आत्या, तुम्हांला सोडून?’ ‘मला कुठे सोडतेस? मी घरातच असणार.’ नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला झाला की पत्नी पंधरा दिवस बहिणीकडे नागपूरला जाणार आहे. तिकीट मी काढले आहे. त्या पंधरा दिवसांची कामे तिने कागदावर लिहून फ्रिजवर लावली आहेत. गोळ्यांच्या वेळा, भाताचे पाणी, मनीचे दूध. त्याखाली आत्याने पेन्सिलीने आणखी एक ओळ घातली आहे: हळद जानेवारीपर्यंत काढू नये, याला घाई असते.