ओढ्याकाठचा गवतपट्टा आणि आपले पाणी

पावसाळा लागला की जुलाब, कावीळ आणि विषमज्वराचे रुग्ण वाढतात. मग आम्ही डॉक्टर मंडळी ‘पाणी उकळून प्या’ असे सांगतो. सल्ला योग्यच आहे. पण तो घरातल्या हंड्यापुरता. ते पाणी हंड्यात येण्यापूर्वी कशाकशावरून वाहत आले, हे आज पाहू.

टाकवे बुद्रुक आणि एकूण आंदर मावळात डोंगरउतारावरचे पाणी भातखाचरांतून, उकिरड्यांवरून आणि गोठ्यांजवळून ओढ्यात उतरते व पुढे इंद्रायणीला मिळते. त्याबरोबर दोन प्रकारचा माल जातो. पहिला मातीला चिकटलेला : स्फुरद, काही कीटकनाशके आणि शेणातले जंतू. दुसरा पाण्यात विरघळलेला : मुख्यतः युरियापासून तयार होणारे नायट्रेट.

जंतू उकळल्याने मरतात. नायट्रेटचे तसे नाही. उकळताना पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट भांड्यातच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते. तुरटी, क्लोरीन किंवा साधा कँडलचा फिल्टर यांचाही त्यावर उपयोग नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध दिल्यास रक्तातील हिमोग्लोबिन बदलते, त्याची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि ओठ, नखे निळसर पडतात. अमेरिकेतील आयोवा प्रांतात डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली विहिरीच्या पाण्याशी या विकाराचा संबंध दाखवला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये.

मग उपाय कोठे करायचा? शेत आणि ओढा यांच्या मधोमध. तेथे दाट गवताचा पट्टा राखला तर पाण्याचा वेग मोडतो. जाड रेती सुरुवातीलाच खाली बसते, गाळ थोडा पुढे आणि बारीक चिकणमाती सर्वांत शेवटी. काही पाणी जमिनीत मुरते आणि त्यातले काही नायट्रेट मुळे शोषून घेतात.

पण पट्टा किती रुंद हवा? वाचकहो, हा प्रश्न औषधाच्या मात्रेसारखा आहे. लहान मुलाला वजन पाहून औषध देतात. तसे पट्ट्याची रुंदी पाऊस, उतार, मातीची मुरवणशक्ती, गवताची दाटी आणि मातीच्या कणांचा आकार पाहून ठरवावी लागते. एवढ्या गोष्टींचा एकत्र हिशेब संगणक करतो. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात १९७० च्या दशकात कृत्रिम गवतातून गढूळ पाणी सोडून प्रयोग झाले. त्यांतून निघालेल्या सूत्रांचा आधार घेऊन मुनोझ-कार्पेना, पार्सन्स आणि गिलियम यांनी १९९९ साली गवतपट्ट्याचे गणिती प्रारूप प्रसिद्ध केले. ‘व्हीएफएसमॉड’ नावाने ते आज वापरले जाते. पावसाची नोंद दिली की पट्ट्यात किती पाणी मुरेल, किती गाळ अडेल, हे ते सांगते.

संपूर्ण नदीखोऱ्याचा हिशेब करणारे ‘स्वॉट’ नावाचे दुसरे प्रारूप आहे. आपल्या शेजारच्या मुळा-मुठा खोऱ्यात पॉल वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वापरून २०११ आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अभ्यासानुसार १९८९ ते २००९ या काळात तेथील वस्तीखालची जमीन ५.१ वरून १०.१ टक्के आणि पिकाखालची ९.७ वरून १३.५ टक्के झाली. तो अभ्यास पाण्याच्या प्रमाणाचा होता, गवतपट्ट्याचा नव्हे. पण सह्याद्रीच्या पावसातही असे हिशेब करता येतात, हे त्यातून दिसते.

या हिशेबाची शिकवण मावळाला नीट लागू पडते. जुलैच्या झडीत जमीन तुडुंब भिजली की मुरणे जवळजवळ थांबते. पट्टा गाळ अडवतो, पण विरघळलेले नायट्रेट निसटते. आणि पाणी सगळ्या पट्ट्यावर न पसरता एका घळीतून धावू लागले, तर रुंद पट्टाही वायाच जातो.

म्हणून एवढे करावे. ओढ्याच्या अगदी कडेपर्यंत नांगर घालू नये. काठावर वाळ्यासारखे दाट, खोल मुळांचे गवत ठेवावे. घळ पडल्यास लगेच बुजवावी. उकिरडा आणि गोठा विहिरीपासून व ओढ्यापासून दूर असावा. मोठ्या पावसाच्या तोंडावर युरिया फेकू नये. चारसूत्री भातलागवडीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधे खोचतात, त्यात खत वाहून जाणे कमी होते. पंचायतीने विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकावीच, पण नायट्रेटची तपासणीही करून घ्यावी. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. ओठ निळे दिसले तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे.

दोन सरी भाताची जागा गवताला सोडणे शेतकऱ्याला जड जाते, याची मला जाणीव आहे. त्या गवताचा चारा तरी घरच्या गुरांना मिळेल. औषधाच्या बिलातून मात्र काहीच परत मिळत नाही.