कान, पाठ आणि रवंथ

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. हळद-लोणी लावून खांदा चोळताना जू काचलेल्या जागी हात गेला की बैल मान झटकतो, आणि आवाळू येतंय हे मालकाला कळतं. तपासणीची ही रीत उत्तमच, पण वर्षातून एकदा करून भागत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही दुधाळ गाय तयार केली. बैलाचं दुखणं हाताला तरी लागतं, पण अशा गाईचं दुखणं आपल्याला बहुधा बादलीत दिसतं, म्हणजे दूध घटल्यावर. ती ओरडत नाही. कळपातलं दुबळं जनावर शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतं, त्यामुळे दुखणं लपवणं तिच्या अंगात मुरलेलं असावं. २०१५ साली कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी गाईची वेदना जोखण्याची पट्टी मांडली. कान मागे वळलेले किंवा लोंबलेले, मान खाली, चेहऱ्यावर ताण, पाठीला बाक, माणूस जवळ गेला तरी लक्ष नाही, अशा खुणांना त्यात गुण दिले जातात.

चाऱ्यातून तार किंवा खिळा गिळलेली गाय तर नीट पाहायलाच हवी. तो पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे जाळीपोटात अडकतो. तिथून हृदय अगदी जवळ. मध्ये पडदा तेवढा. गाय पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून, पाठ कमानीसारखी करून उभी राहते, उतारावर चालायला कचरते, बसताना कण्हते. रवंथ मंदावतं.

मांजराचं दुखणं ओळखणं आणखी अवघड. मांट्रियलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कान, डोळे, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण दिले. दहापैकी चार भरले तर वेदनाशामक द्यायचा विचार करावा. मांजर गुरगुरतंय म्हणून ते मजेत आहे असं समजू नका, दुखत असतानाही ते गुरगुरतं. दुखत असलं की कुत्रा एकच जागा सारखी चाटतो, पायरी चढायचं टाळतो.

मात्र घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं तर मेलेली गुरं खाणारी गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली; मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय आहे, तोही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करताना ‘जनावर बरं दिसत नाही’ एवढंच सांगून थांबू नका. कान, पाठ, रवंथ आणि कधीपासून, हेही सांगा.