दोन इंजिनांचे तास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वसई-विरारच्या पट्ट्यात विमानाची धावपट्टी नाही. परंतु सहारचा विमानतळ लोकलच्या अंतरावर असल्यामुळे वैमानिक होण्याची आकांक्षा येथील तरुणांना अपरिचित नाही, आणि त्या आकांक्षेपायी धुळे, शिरपूर, बारामती किंवा गोंदिया गाठण्यापूर्वी घरोघरी जो खल होतो, त्यात एक समजूत हटकून डोके वर काढते : दोन इंजिनांच्या विमानावरचे शेदोनशे तास वहीत नसतील, तर कोणतीही विमान कंपनी उमेदवाराचा अर्जसुद्धा पाहत नाही. या समजुतीपायी वाडीचे गहाणखत करण्यापर्यंत मजल जाते, म्हणून तिची शहानिशा करणे मला अगत्याचे वाटते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी एकूण २०० तास लागतात आणि त्यातले १०० तास उमेदवाराने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून केलेले असावे लागतात. हे बहुतेक सारे उड्डाण एका इंजिनाच्या विमानावरच होते. दुइंजिनी विमानाचे रेटिंग आणि केवळ उपकरणांच्या आधारे उडविण्याचे रेटिंग या दोन गोष्टी विमान कंपन्यांना हव्या असतात, हे खरे. पण शिक्षणक्रमात दुइंजिनी विमानाच्या वाट्याला येणारे पंधरा-वीस तास त्यासाठी सामान्यतः पुरतात. पुढे एअरबस किंवा एटीआर चालविण्याचे शिक्षण प्रामुख्याने सिम्युलेटरवर होते, आणि कप्तानपदासाठी लागणाऱ्या वरिष्ठ लायसन्सचे १५०० तास नोकरीतच साठत जातात. दुइंजिनी तासांच्या मागे धावण्याची रीत मूळची अमेरिकेतली. तेथे २०१३ पासून सहवैमानिकालाही वरिष्ठ प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी अनेक इंजिनांच्या विमानावरचे ५० तास दाखवावे लागतात. तिकडची ही निकड आपल्याकडे जशीच्या तशी लागू करणे म्हणजे परमुलखाचा कायदा आपल्या दप्तरी नोंदविण्यासारखे आहे.

दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, ही दुसरी समजूत अधिक घातक आहे. हलक्या दुइंजिनी विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर शक्ती निम्मी होते, परंतु वर चढण्याची क्षमता निम्म्यावर न थांबता ऐंशी टक्के किंवा त्याहूनही अधिक घटते; कारण शक्तीचा बराचसा भाग विमान नुसते समपातळीत ठेवण्यातच खर्च होत असतो आणि चढ मिळतो तो उरलेल्या शिलकीतून. मे महिन्यात विदर्भाच्या तप्त, विरळ हवेत ही शिल्लक आणखी आटते. वेगमापकावर एक तांबडी रेघ असते आणि एक निळी. तांबड्या रेघेखाली वेग उतरला आणि चालू इंजिन पूर्ण जोरात असले, तर ते इंजिन विमानाला बंद इंजिनाच्या बाजूस फिरवू लागते आणि रडर पूर्ण दाबूनही दिशा सावरत नाही; निळी रेघ एका इंजिनावर सर्वांत अधिक चढ देणारा वेग दाखविते. म्हणून शिक्षक उंचावर एक इंजिन मंद करतो, आणि विद्यार्थ्याने विमान सरळ ठेवण्यासाठी पाय दाबल्यावर कोणता पाय मोकळा राहिला हे ओळखायचे असते. मोकळ्या पायाच्या बाजूचेच इंजिन बंद! त्या इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढून खात्री करून घ्यायची आणि मगच त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या धारेशी समांतर वळवायची, हा क्रम अंगवळणी पडावा लागतो. घाईत चालू इंजिनच बंद केल्याने प्राणहानी झाल्याची उदाहरणे जगाच्या अपघात-इतिहासात आहेत. दुइंजिनी तासांचे खरे मोल या अभ्यासात आहे, वहीतल्या बेरजेत नाही.

शेजारच्या आसनावर बसून तास जमवता येतात, असेही सांगितले जाते. एकाच वैमानिकाने चालविण्याजोग्या प्रशिक्षण-विमानात शेजारी नुसते बसणे हा अनुभव धरला जात नाही. २०११ साली बनावट गुणपत्रिका आणि खोट्या उड्डाणनोंदी उजेडात आल्या, अटका झाल्या आणि देशभर लायसन्सांची छाननी झाली. तेव्हा असल्या सल्ल्यापासून दूर राहावे.

एका इंजिनाचे तास वाया जातात, या तक्रारीला तर इतिहासच उत्तर देतो. १९२८ साली जुहूला स्थापन झालेल्या आणि आता धुळ्याला शिकविणाऱ्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले, ते पुस मॉथ या एकाच इंजिनाच्या विमानातून. दिशाशोधन, हवामानाचा अंदाज आणि एकट्याने निर्णय घेण्याची सवय ही त्याच विमानात मुरते.

संस्थेत शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी माहितीपुस्तिकेवर न विसंबता समक्ष जाऊन काही गोष्टी विचाराव्यात : दुइंजिनी विमान आज उडण्याच्या स्थितीत आहे काय, की महिनोन् महिने हँगरमध्ये सुट्या भागांची वाट पाहत आहे, कबूल केलेल्या तासांपैकी प्रत्यक्ष विमानावरचे किती आणि सिम्युलेटरवरचे किती, आणि एका इंजिनावर विमान उतरविण्याचा सराव कोण व किती वेळा करून घेतो.