पाच वर्षांचा नकार

७ जुलै २०१९. फ्रान्समधल्या ल्यों शहरात महिलांच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. अमेरिकेने नेदरलँड्सला २-० असे हरवून करंडक नेला. ल्यों क्लबची एक आघाडीची खेळाडू मात्र आपल्याच गावात संपणाऱ्या त्या स्पर्धेत कुठेच नव्हती. जेमतेम सात आठवड्यांपूर्वी, १८ मे रोजी बुडापेस्टला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तिने बार्सिलोनाविरुद्ध १६ मिनिटांत तीन गोल केले होते. जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून तिला सुवर्णचेंडू मिळून वर्षही झाले नव्हते. ती जखमी नव्हती. निवड समितीने तिला वगळलेही नव्हते. आदा हेगरबर्गने आपल्या देशाकडून, नॉर्वेकडून, खेळायचे नाही असे स्वतःच ठरवले होते.

आपल्या कानाला हे जरा विचित्र वाटते. देशाकडून खेळायला मिळावे म्हणून लोक नवस बोलतात. ते कुणी सोडते काय? मी बँकेत नोकरी केलेला माणूस. राजीनामे पुष्कळ पाहिले. बहुतेकांच्या खिशात दुसऱ्या नोकरीचे पत्र असे, नाहीतर बदली रद्द होईल ही आशा असे. या मुलीच्या राजीनाम्यात यांपैकी काहीच नव्हते, म्हणून तो नीट वाचावासा वाटला.

नॉर्वे हा काही महिला फुटबॉलमधला ऐरागैरा देश नव्हे. १९८६ मध्ये मेक्सिकोतल्या फिफाच्या अधिवेशनात उभे राहून महिलांनाही विश्वचषक हवा असे ठणकावून सांगणारी एलेन विले नॉर्वेचीच. पहिला विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्ये झाला, तिथे नॉर्वे उपविजेता ठरला. पुढच्याच खेपेला, १८ जून १९९५ रोजी, हेगे रीसे आणि तिच्या सहकाऱ्यांनी जर्मनीला २-० असे हरवून तो जिंकला. त्यानंतर बरोबर २२ दिवसांनी, १० जुलैला, आदाचा जन्म झाला. ती वाढली सुंदालसोरा या गावात. फ्योर्डच्या टोकाशी, डोंगरांच्या कुशीत वसलेले आणि अॅल्युमिनियमच्या कारखान्यावर जगणारे हे गाव. घर फुटबॉलचे. थोरली बहीण आंद्रीनेही पुढे देशाकडून खेळली. कोल्बोट्न, स्ताबेक, मग जर्मनीतला पोट्सडाम आणि २०१४ मध्ये ल्यों, अशी आदाची वाटचाल झाली.

ल्योंला तिने जे पाहिले, तिथेच पुढच्या भांडणाचे मूळ असावे असे मला वाटते. क्लबचे अध्यक्ष जाँ-मिशेल ओला यांनी पुरुषांच्या संघाच्या जोडीने महिलांच्या संघावरही पैसा आणि लक्ष दोन्ही खर्च केले. २०१६ ते २०२० अशी सलग पाच वर्षे या संघाने चॅम्पियन्स लीग जिंकली. २०१७-१८ च्या हंगामात एकट्या आदाने त्या स्पर्धेत १५ गोल केले. असे वर्ष काढून मायदेशाच्या शिबिराला जायचे, तर तिथली तयारी, तिथली शिस्त आणि मुलींच्या खेळाकडे पाहण्याची दृष्टी तिला खुजी वाटू लागली. २०१७ च्या युरोपीय स्पर्धेत नॉर्वे तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता! त्याच ऑगस्टमध्ये तिने संघ सोडला. राष्ट्रीय संघाबरोबरच्या दिवसांत आपण मनाने पार खचून जात होतो, रात्री दुःस्वप्ने पडत, असे तिने नंतर सांगितले.

मग एक गंमत झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाने पुरुष आणि महिला संघांना समान मानधन देण्याचे ठरवले. महिलांची रक्कम ३१ लाख क्रोनरवरून ६० लाखांवर गेली. त्यातले साडेपाच लाख पुरुष खेळाडूंनी आपल्या वाट्यातून दिले. करार चांगलाच होता, पुरुषांचे कौतुकही करायला हवे. सगळ्यांना वाटले, आता ही पोरगी परत येणार. ती आली नाही. भांडण पैशाचे नव्हतेच, असे ती म्हणाली. माझ्यातल्या जुन्या अधिकाऱ्याला हे लगेच पटले. पैशाची तक्रार मिटवायला सर्वांत सोपी, कारण ती रकान्यात मांडता येते. आदर कोणत्या खात्यावर जमा करणार?

डिसेंबर २०१८ मध्ये पॅरिसला तिला तो सुवर्णचेंडू, बॅलन डी'ओर, मिळाला. पुरुषांना तो १९५६ पासून मिळतो. महिलांसाठी हा पहिलाच. लहान मुलींनी स्वतःवर विश्वास ठेवावा, असे सांगून तिने भाषण संपवले. आणि सूत्रसंचालन करणाऱ्या डीजेने तिला विचारले काय, तर कंबर हलवून नाचता येते का! ‘नाही’ म्हणून ती वळली. जगभर संताप उसळला, त्या गृहस्थाने माफी मागितली. तिने मात्र फारसे मनावर घेतले नाही. तिच्या लेखी त्या रात्री चेंडू महत्त्वाचा होता.

या नकाराची किंमत किती, याचा हिशेब मी मांडून पाहिला. पाच वर्षे म्हटली की छाती दडपते. पण नॉर्वेचा संघ ऑलिम्पिकला पात्रच ठरला नाही, २०२१ ची युरोपीय स्पर्धा कोविडमुळे २०२२ वर गेली. म्हणजे मोठी अशी एकच स्पर्धा बुडाली, ती २०१९ ची. अर्थात हे आज बसून मोजणे सोपे आहे. तेव्हा तिला यातले काही ठाऊक नव्हते. शिवाय जानेवारी २०२० मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, पाठोपाठ नडगीच्या हाडाला चीर गेली. ती मैदानावर परतली ऑक्टोबर २०२१ मध्ये. ते २० महिने देशासाठीही गेले नाहीत आणि क्लबसाठीही नाहीत.

मार्च २०२२ मध्ये लिसे क्लावेनेस ही माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू महासंघाची अध्यक्ष झाली, त्या पदावरची पहिली स्त्री. त्याच महिन्यात आदाने परतण्याचे जाहीर केले. पहिल्याच सामन्यात कोसोव्होविरुद्ध तिने तीन गोल मारले. कादंबरी असती तर मी इथेच थांबलो असतो. पण जुलैमध्ये, तिच्या सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, इंग्लंडने नॉर्वेला ८-० असे धुतले. २०२३ च्या विश्वचषकात स्वित्झर्लंडविरुद्ध राष्ट्रगीत झाले आणि दुखावलेल्या जांघेमुळे ती खेळ सुरू होण्याआधीच आत निघून गेली.

२०२५ च्या युरोपीय स्पर्धेत ती कर्णधार होती. १६ जुलैला जिनिव्हात इटलीविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. नॉर्वे एका गोलने मागे. पेनल्टी मिळाली, चेंडू समोर ठेवून आदा उभी राहिली. याच स्पर्धेत तिची एक पेनल्टी आधी वाया गेली होती, तरी दुसऱ्या कुणाला पुढे न करता तीच उभी राहिली. फटका बाहेर गेला. सहा मिनिटांनी तिनेच गोल करून बरोबरी साधली. नव्वदाव्या मिनिटाला इटलीच्या जिरेल्लीने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला, आणि नॉर्वेच्या मुली घरी परतल्या.