पातळ पत्र्याला भोक का पडतं? मिग वेल्डिंगचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कपाटाचं दार, गेटचा खालचा पत्रा, ट्रॉलीची बाजू, गाडीचा मडगार्ड. भोसरी असो की शिरोली, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मिग म्हणजेच सीओटू मशीन या कामांवर दिवसभर चालू असतं. अँगल आणि चॅनलवर हात बसलेला कारागीरही १ मिमीच्या पत्र्यापुढे अडखळतो आणि खापर मशिनवर फोडतो. खरं तर जाड जॉब चुकीचं सेटिंग पोटात घालतो, पातळ पत्रा घालत नाही. म्हणून साध्या माइल्ड स्टीलच्या १ ते १.६ मिमी पत्र्याबद्दल जे सर्रास सांगितलं जातं, ते एकदा तपासून घेऊ.

गैरसमज : भोक पडतंय ना, मग व्होल्ट कमी करा.

वस्तुस्थिती : मिगमध्ये वायर जितक्या वेगानं येते, तितकी वितळवायला लागणारा करंट मशीन आपणहून देतं. म्हणजे अँपिअर ठरतात वायरच्या वेगावर. साध्या मशिनवर ‘करंट’ असं लिहिलेलं बटणही बहुधा वायरचा वेगच बदलतं. व्होल्टेजवर ठरते ती आर्कची लांबी आणि बीडची रुंदी. वायर तशीच ठेवून नुसते व्होल्ट उतरवले, तर वायर वितळायच्या आत पत्र्यावर आदळते, टॉर्चला मागे धक्के बसतात आणि उंच, अरुंद बीड पत्र्यात न मुरता वर बसतो. उलट व्होल्ट फार चढवले, तर आर्क लांबतो, फुसफुसतो आणि वायर टिपलाच चिकटते. उष्णता कमी करायची तर आधी वायरचा वेग उतरवायचा, मग त्याला जुळतील इतके व्होल्ट.

सुरुवातीचा हिशेब सोपा आहे : दर मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपिअर. ०.८ मिमीची वायर आणि आर्गॉन-मिश्र गॅस असेल, तर १.२ मिमी पत्र्याला साधारण ५० अँपिअर, मिनिटाला अडीच मीटर वायर आणि १५ ते १६ व्होल्ट. १.६ मिमीला ६५ अँपिअर, सव्वातीन मीटर आणि १६ ते १७ व्होल्ट.

मशिनवर वेगाचे आकडे नसतील तरी अडत नाही. टॉर्च जॉब आणि अर्थिंगपासून लांब धरा, ट्रिगर सहा सेकंद दाबा, बाहेर आलेली वायर कापून मोजा आणि दहानं गुणा. २५ सेंटिमीटर भरली, तर वेग मिनिटाला अडीच मीटर. ट्रिगर दाबलेला असताना वायरमध्ये वीज असते, तेवढं भान ठेवा.

वेग आणि व्होल्टची जोडी जुळली की कानाला कळतं : कढईत भजी पडल्यावर येते तशी बारीक, एकसारखी तडतड. इतक्या कमी व्होल्टेजवर वायरचं टोक सेकंदाला २० ते २०० वेळा वितळलेल्या धातूला टेकतं आणि दर वेळी एक थेंब सोडून सुटतं. टेकल्याच्या क्षणी आर्क विझतो, त्या उसंतीत धातू जरा निवतो. पातळ पत्रा टिकतो तो या उसंतीमुळे.

गैरसमज : वायर जितकी जाड, तितका जॉइंट पक्का.

वस्तुस्थिती : १.२ मिमी वायरचं क्षेत्रफळ ०.८ मिमीच्या सव्वादोन पट असतं. ती वितळवायला जो करंट लागतो, त्यात पातळ पत्रा आधीच गळून जातो. करंट ५० वर आणावा, तर वेग मिनिटाला सव्वा मीटरवर येतो आणि आर्क तुटक चालतो. १ ते १.६ मिमीला ०.८ ची वायर योग्य. त्याहून पातळ बॉडीपॅनेलला ०.६ ची मिळाली तर उत्तम, मात्र त्याच करंटला ती बरीच जास्त वेगानं सोडावी लागते. वायर बदलली की फीडरचा रोलर आणि टिपही त्याच मापाची हवी.

गैरसमज : गॅस कुठलाही असो, सेटिंग तेच.

वस्तुस्थिती : शुद्ध कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, पण त्याचा आर्क आक्रमक असतो. तो खोल जातो, स्पॅटर जास्त उडवतो आणि त्याला एक-दोन व्होल्ट जास्त द्यावे लागतात. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण पातळ पत्र्यावर मऊ चालतं आणि नंतरचं ग्राइंडिंग वाचवतं. सीओटूवर काम होतच नाही असं नाही, पण मिश्रणाचे आकडे त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

गैरसमज : बीडमध्ये छिद्रं येतात, गॅस वाढवा.

वस्तुस्थिती : शेडच्या आत मिनिटाला ८ ते १२ लिटर पुरतात. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढवला, तर नोझलच्या तोंडाशी भोवरे होऊन बाहेरची हवाच आत ओढली जाते. पंखा किंवा वारा असेल तर आडोसा करा. नोझलमधला स्पॅटर काढा, पत्र्यावरचं तेल, गंज, रंग पुसा आणि टिप जॉबपासून ८ ते १० मिमीवर ठेवा. वायर जास्त बाहेर राहिली की करंट पडतो आणि गॅसचं संरक्षणही विरळ होतं.

गैरसमज : करंट कमी ठेवून सावकाश चाललं की पत्रा सुरक्षित.

वस्तुस्थिती : गणित करून पाहू. १६ व्होल्ट गुणिले ५० अँपिअर म्हणजे सेकंदाला ८०० जूल. हात सेकंदाला ५ मिमी सरकला, तर दर मिलिमीटरला १६० जूल पडतात. अडीच मिमीनं सरकला, तर ३२०. बटणाला हात न लावता पत्र्यात दुप्पट उष्णता गेली. म्हणून पातळ कामात हात झपझप चालवावा आणि टॉर्च पुढे ढकलत न्यावा, कारण ढकलताना आर्क कमी खोल जातो. लांब जॉइंट एका दमात भरू नये. आधी दर तीन-चार सेंटिमीटरला टॅक मारावेत, मग मधले तुकडे एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असे भरावेत. पत्रा बाक धरतो तो एकाच जागी उष्णता साचल्यानं. जिथं फट राहिली आहे, तिथं मागून तांब्याची पट्टी धरली तर ती उष्णता शोषते आणि वितळलेला धातू खाली पडू देत नाही. पोलाद तांब्याला सहसा चिकटतही नाही.

गैरसमज : उंच, भरदार बीड म्हणजे मजबुती.

वस्तुस्थिती : नेहमीची ईआर ७०एस-६ वायर किमान ४८० मेगापास्कल ताण सोसते. ई२५० प्रतीच्या साध्या स्टीलसाठी आयएस २०६२ मानकाची अपेक्षा ४१० ची आहे. वेल्डचा धातू मुळातच पत्र्याहून बळकट असताना त्याचा ढीग रचण्यात अर्थ नाही. प्रश्न असतो तो पत्र्यात मुरला की नाही याचा. उंच बीड बहुधा थंड सेटिंगची खूण असते, वरून देखणा आणि ग्राइंडर फिरवला की कडेला फट दाखवणारा. तपासायचं तर पत्रा उलटा करून बघा : मागे जॉइंटच्या रेषेत एकसारखी, किंचित उठलेली कड दिसली पाहिजे.

गैरसमज : गॅस नसलेली फ्लक्स वायर घातली की कटकट मिटली.

वस्तुस्थिती : ती उघड्यावर, वाऱ्यात कामाला येते. पातळ पत्र्यावर मात्र ती जास्त तापट, स्पॅटरही जास्त. शिवाय पोलॅरिटी बदलावी लागते : साध्या वायरला टॉर्च पॉझिटिव्ह, या वायरला बहुधा निगेटिव्ह. वायर बदलून पोलॅरिटी तीच ठेवली, तर कुठल्याच सेटिंगला आर्क सुधारत नाही.

गैरसमज : जीआय पत्रा म्हणजे चकचकीत एमएसच.

वस्तुस्थिती : जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, पोलाद वितळतं सुमारे १,५०० ला. त्यामुळे जॉइंट तयार होण्याआधीच जस्ताची वाफ उसळते, बीडमध्ये छिद्रं पडतात आणि तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी-ताप भरतो. जॉइंटच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर आधी घासून काढा आणि हवा खेळती ठेवा. साध्या स्टीलचा धूरही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकलं.

मग सेटिंग करायचं कसं?

‘१८ गेज’ या शब्दावर विसंबू नका. ब्रिटिश गेजप्रमाणे तो १.२२ मिमी भरायला हवा, पण हातातला पत्रा व्हर्नियरनं मोजा. त्याच पत्र्याचा तुकडा घ्या, जाडीवरून वायरचा वेग लावा, व्होल्ट थोडे कमीच ठेवून सुरू करा. वायर ढकलत असेल तर अर्धा-अर्धा व्होल्ट वाढवत जा, तडतड एकसारखी झाली की थांबा. मग तुकडा उलटा करून पाठ बघा. मागे काहीच उमटलं नसेल तर वेग आणि व्होल्ट दोन्ही थोडे चढवा, भोक पडत असेल तर दोन्ही उतरवा किंवा हात जलद चालवा. जुळलेले आकडे पत्र्याची जाडी, वायर आणि गॅससकट मशिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. पाळी बदलून दुसरा कारागीर आला, तरी त्याला पहिला पत्रा वाया घालवावा लागणार नाही.